घरातली साथसंगत : पालक आणि मुलांनी एकत्र गाण्या-वाजवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांना गायन आणि पेटी (हार्मोनियम) शिकवताना मी माझ्या वर्गात एक नियम ठेवला आहे. पहिले तीन महिने मुलासोबत आई, बाबा, आजी किंवा आजोबा यांपैकी कोणीतरी एकाने वर्गात बसायचे, आणि नुसते बसून न राहता हाताने ताल धरायचा. या नियमामुळे पालक माझ्याशी पुष्कळ बोलतात आणि तेच ते प्रश्न दरवर्षी नव्याने येतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सुरुवातीला प्राथमिक शंका आहेत आणि अडचणीच्या बाबी पुढे आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागला, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्हा दोघांनाही गाण्यातले काही कळत नाही. मग आम्ही मुलासोबत बसून काय करणार?

गणपतीच्या दिवसांत तुमच्या घरी आरती होत असेल, तर एकत्र गाण्या-वाजवण्याचा अनुभव तुम्हाला आधीपासून आहे. एकजण झांज धरतो, बाकीचे टाळ्या देतात, सर्वांत लहान मुलाच्या हाती घंटा दिली जाते, आरती हळूहळू चढत्या लयीत जाते आणि सगळे एकाच वेळी थांबतात. तेथे कोणी कोणाला ताल शिकवलेला नसतो. एकमेकांकडे कान देऊन सगळे तो सांभाळतात.

आपल्या संगीतात गायकाच्या शेजारी बसून पेटी किंवा तबला वाजवणाऱ्याला साथीदार म्हणतात. लय धरून ठेवणे, सूर भरून ठेवणे, गायक थांबला की ती जागा अलगद सांभाळणे आणि तो पुन्हा सुरू झाला की मागे सरकणे हे त्याचे काम असते. घरात पालकाची जागा हीच आहे. गुरूची जागा वर्गात भरलेली असते. घरी रिकामी असते ती साथीदाराची, आणि ती भरायला प्रथम लक्ष लागते. ज्ञान मुलाबरोबर हळूहळू येते. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर आधारलेली आहेत.

२. कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

एकत्र गाण्याला वयाची खालची मर्यादा नाही. गर्भातील बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत बाहेरचे आवाज ऐकू येतात आणि आईचा आवाज त्यात सर्वांत जवळचा असतो. झाकीर हुसेन यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे की, त्यांच्या जन्मानंतर वडील उस्ताद अल्लारखाँ यांनी त्यांच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले होते. त्या घरात तीच प्रार्थना होती. अंगाई, मांडीवर घेऊन धरलेला ठेका, पाठीवर हलकेच थोपटणे ही सारी सुरुवातच आहे.

शिस्तीने बसून शिकण्याचे वय मात्र वेगळे असते. माझ्या अनुभवात साधारण सहाव्या-सातव्या वर्षापासून मूल पंधरा मिनिटे एका जागी बसून ऐकलेला स्वर परत देऊ शकते. त्यापूर्वी अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने म्हणायचे स्वरांचे तुकडे, घोकून घेण्याचा आग्रह धरू नये. वरची मर्यादाही नाही. तेराव्या वर्षी सुरू केलेली मुले उत्तम शिकतात, कारण ती स्वतःहून आलेली असतात.

३. कोणते वाद्य घ्यावे? दोघांसाठी दोन वाद्ये हवीत का?

एक पेटी पुरते. लहान मुलाच्या बाबतीत तर एकच असावी असे मी सांगते. पेटी वाजवताना डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असतो, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात एकाच वेळी नीट पोहोचत नाहीत. अशा वेळी मुलाला भाता मारू द्यावा आणि पट्ट्या आपण वाजवाव्यात. मूल भाता जोरात ओढते तेव्हा सूर फुगतो, ते विसरते तेव्हा सूर विझत जातो, आणि एका आठवड्यात मुलाला कळते की आईच्या बोटाखालचा सूर आपल्या हातातील हवेवर चालला आहे. मग ते तिच्या बोटांकडे पाहून भाता सावकाश मारू लागते. साथ म्हणजे काय हे त्याला तेथे समजते, कोणी सांगावे लागत नाही.

माळ्यावर आजोबांची पेटी असेल, तर आधी ती खाली काढून कारागिराला दाखवावी. जुन्या पेटीची तपासणी घरीही करता येते. भाता पूर्ण भरावा आणि एकही पट्टी न दाबता तो किती वेळात बसतो ते पाहावे. तो झटकन बसला, तर हवा कोठून तरी निसटते आहे. त्यानंतर प्रत्येक पट्टी दाबून सुराची खरखर ऐकावी. नवी घ्यायची असल्यास दुहेरी सुरांची, म्हणजे एका पट्टीला दोन सूर वाजणारी, साधी पेटी पुरेशी आहे. मुलासाठी खेळण्यातली लहान पेटी घेऊ नये, कारण तिचे सूर मिळालेले नसतात आणि कानाला तेच वळण लागते.

तबला-डग्गा लगेच घेण्याची घाई करू नये. टाळांची एक जोडी आणि दोन माणसांचे चार तळहात यांवर पहिले सहा महिने निघतात.

४. रोज किती वेळ बसावे आणि केव्हा?

वीस मिनिटे रोज हे रविवारच्या दोन तासांपेक्षा चांगले. वेळ अशी निवडावी की तिच्यामागे घाई नसेल. शाळेची बस यायच्या आधीची दहा मिनिटे ही सर्वांत वाईट वेळ आहे. संध्याकाळचा दिवा लागल्यावर, जेवणापूर्वी, अनेक घरांना जमते. पालकांनी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. तो तानपुऱ्यासाठी वापरायचा असल्यास एअरप्लेन मोडवर टाकून उपडा ठेवावा.

५. एकत्र बसल्यावर नेमके काय करायचे?

मी वर्गातील पालकांना जे सांगते ते येथे देते. त्यात घरानुसार बदल करावा.

सुरुवात षड्जाने करावी. पेटीवर किंवा तानपुऱ्यावर सा लावावा, आधी पालकाने तो धरावा आणि मुलाने त्यात आपला आवाज मिसळावा. मिसळला की ते दोघांनाही जाणवते, कारण दोन आवाजांमधील थरथर थांबते आणि खोलीत एकच सूर उरतो. (दोघांचा आवाज एका पट्टीत, म्हणजे एकाच उंचीच्या सा वर, बसत नसल्यास प्रश्न ७ पाहावा.) त्यानंतर तीनताल हाताने धरावा. त्यात सोळा मात्रा, म्हणजे ठोके, असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची आणि नवव्या मात्रेला काल, म्हणजे तळहात उघडा बाजूला न्यायचा. तोंडाने ‘धा धिं धिं धा’ म्हणत चार-पाच आवर्तने, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्या, करावीत. लहानांना सोळा मात्रा लांब वाटतात, तेव्हा आठ मात्रांच्या केरव्याने सुरुवात करायला हरकत नाही.

मग अलंकार. सारेग, रेगम, गमप असे सरळ म्हणण्याऐवजी वाटून म्हणावेत. पहिला तुकडा आईचा, दुसरा मुलाचा, तिसरा पुन्हा आईचा, आणि हे सारे टाळी न सोडता. आपली पाळी येण्यापूर्वी समोरच्याचा तुकडा कान देऊन ऐकावाच लागतो. यानंतर वर्गातले चालू गीत किंवा बंदिश एकदा म्हणावी.

शेवटची पाच मिनिटे मुलाची. मुलाने मनाला येईल तो तीन-चार स्वरांचा तुकडा म्हणायचा आणि पालकाने तो जसाच्या तसा परत द्यायचा. येथे पालक हमखास चुकतात आणि मूल पुन्हा, अधिक सावकाश, अधिक स्पष्ट म्हणून दाखवते. दिवसभर ज्याला सगळे सांगत असतात, तो या पाच मिनिटांत सांगणारा होतो. वेळ कमी असेल त्या दिवशी बाकी सारे गाळावे, पण हे गाळू नये.

६. मूल चुकले तर लगेच थांबवून सांगायचे का?

नाही. मैफलीत गायकाचा अंदाज थोडा हुकला, तर तबलजी वाजवणे थांबवून त्याला चूक सांगत नाही. तो ठेका अधिक स्वच्छ करतो, म्हणजे गायकाला सम, अर्थात आवर्तनाची पहिली मात्रा, दिसते आणि तो परत येतो. घरीही तेच करावे. आवर्तन पुरे होईपर्यंत टाळी चालू ठेवावी, समेची टाळी जरा ठळक द्यावी आणि मुलाला परत येण्याची संधी द्यावी.

माझ्या वर्गात एक गृहस्थ सात वर्षांच्या मुलीसोबत येत असत. त्यांना गाणे अजिबात येत नव्हते, परंतु त्यांची काल चुकत नसे. मुलगी दुसऱ्या ओळीत नेहमी घाईने पुढे जायची. मी दोनदा सांगून पाहिले, त्याने ती बावरली. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. ती बाबांच्या तळव्याकडे पाहत होती. तो तळवा नवव्या मात्रेला उघडला, तशी ती थांबली, श्वास घेतला आणि ओळ बरोबर जागी उचलली. ते काहीच बोलले नव्हते.

चूक कोणत्या जातीची आहे यावर उपाय ठरतो. लय धावत असेल, तर बोलू नये, टाळी धरून ठेवावी. सूर कमी लागत असेल, तर ‘बेसूर’ हा शब्द उच्चारू नये, पेटीवर तो स्वर लांब धरावा आणि मुलाला त्यापर्यंत येऊ द्यावे. बहुतेकदा ते स्वतःच चढून येते. शब्द चुकले, तर त्या दिवशी सोडून द्यावे. गाणे संपल्यावर एकच गोष्ट सांगावी, तीही विचारण्याच्या स्वरात. ‘इथे मला सम सापडली नाही, परत एकदा म्हणतेस का?’ एवढे पुरते. आणि सम खरोखर सापडली नसेल तरच असे म्हणावे. मुलांना खोटे नवखेपण लगेच ओळखू येते.

७. माझी पट्टी काळी एक आहे आणि मुलीला काळी चार सांगितली आहे. आम्ही एकत्र गायचे कसे?

हा प्रश्न वडिलांकडून सर्वांत जास्त येतो आणि याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. ज्या सुराला आपण सा मानून गातो ती आपली पट्टी. काळी एक म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, काळी चार म्हणजे चौथी. पुरुषांची पट्टी साधारणपणे काळी एकच्या आसपास असते, स्त्रियांची काळी चार ते काळी पाच, आणि लहान मुलांची, मुलगा असो वा मुलगी, स्त्रियांच्या जवळची. म्हणूनच आई आणि मूल सहज एकत्र गातात आणि बाबांचा घोटाळा होतो.

हा घोटाळा झाला की काही वडील मुलाला आपल्या पट्टीत ओढतात. ते करू नये. काळी एकचा षड्ज मुलीसाठी फार खाली जातो, ती गळा दाबून आवाज काढते आणि हळूहळू तीच सवय होते. पट्टी मुलीची ठेवावी.

आता पेटीवर पाहा. काळी एक तुमचा सा असेल, तर काळी चार तुमचा पंचम (प) आहे. म्हणजे मुलीचा सा तुमच्या पंचमावर उभा आहे. तेथून तिच्या मध्यमापर्यंत (म) तुम्ही खऱ्या अर्थाने एकाच सुरात गाऊ शकता, कारण तिचा मध्यम हा तुमचा तार षड्ज (वरचा सा) आहे आणि तेथपर्यंत बहुतेकांचा आवाज जातो. ती पंचमाकडे गेली की तुम्ही ओढाताण न करता खालच्या सप्तकात उतरावे किंवा गाणे तिच्यावर सोपवून पेटी धरावी. सुरुवातीच्या अलंकारांचा पहिला अर्धा भाग या जागेत आरामात मावतो.

एक गोष्ट जाता जाता सांगते. दोन वेगळ्या पट्ट्यांची ही अडचण मोठ्या गायकांनाही पडली आहे. पंडित जसराज यांनी मूर्च्छनेच्या, म्हणजे त्याच स्वरांत सा ची जागा बदलण्याच्या, तत्त्वावर जसरंगी जुगलबंदी रचली, तिच्यात स्त्री आणि पुरुष आपापल्या पट्टीत राहून एकाच वेळी दोन वेगळे राग गातात. मूल मोठे झाल्यावर ती दोघांनी बसून अवश्य ऐकावी.

८. पेटीमुळे कान बिघडतो असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

या आक्षेपाला मोठा इतिहास आहे. १९४० ते १९७१ या काळात ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी होती. पेटीचे स्वर ठरलेल्या जागी पक्के असतात, सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, आणि दोन स्वरांमधून वाहत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. हे सारे खरे आहे. तरीही महाराष्ट्रात आणि गोव्यात पेटी घराघरांत राहिली, नाट्यसंगीतात राहिली, भजनात राहिली, आणि तिच्या साथीवर पिढ्या घडल्या.

कान बिघडतो तो पेटीला चिकटून राहिल्याने. प्रत्येक स्वर आधी पेटीवर दाबून मग गळ्यातून काढायची सवय लागली, तर मूल ऐकत नाही, फक्त मागे मागे जाते. यावर घरगुती उपाय आहे. पेटीवर फक्त सा धरावा, बाकीचे स्वर गळ्याने शोधावेत आणि ओळ संपल्यावर शेवटचा स्वर पेटीवर दाबून पाहावा. मूल गात असताना पालकाने पट्टीवर बोट ठेवून थांबावे आणि जुळले का ते मुलानेच सांगावे. हा पडताळा मुलांना फार आवडतो. शक्य असेल तेथे सा-पा साठी तानपुरा ठेवावा, मोबाइलवरचा असला तरी चालेल.

९. क्लास आधीच चालू आहे. घरी आम्ही काही वेगळे सांगितले तर गोंधळ होणार नाही का?

वेगळे सांगितले तर होईल, म्हणून सांगू नये. स्वरलेखन, बोटे, बंदिशीचे वळण हे सर्व शिक्षकांचे क्षेत्र आहे. घरी फक्त सोबतीचे काम करायचे आहे. शिक्षकांना एकदा विचारून घ्यावे की, या आठवड्यात घरी काय म्हणून घ्यायचे आणि कोणत्या लयीत. लय न विचारल्याने बहुतेक गोंधळ होतात, कारण उत्साही पालक वर्गातल्यापेक्षा जलद टाळी देतात.

१०. परीक्षा द्यावी का? दिल्यास आमचे एकत्र बसणे परीक्षेची तयारी होऊन जाईल.

तुमची भीती योग्य आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, संगीताचे शिक्षण सामान्य घरांपर्यंत नेले, आणि त्यातूनच ही वाट तयार झाली. परीक्षेने अभ्यासाला आकार येतो हे मी पाहिले आहे. दहावीच्या वाढीव गुणांसाठी शेवटच्या वर्षी धावपळ करून दिलेल्या परीक्षेने मुलाचा गाण्याशी असलेला संबंध कसा करपतो, हेही पाहिले आहे.

माझा सल्ला असा की, परीक्षेची तयारी वर्गात होऊ द्यावी आणि प्रश्न ५ मधील शेवटची पाच मिनिटे तिच्यापासून पूर्णपणे राखून ठेवावीत. याशिवाय एक मार्ग आहे. या परीक्षांना प्रौढ विद्यार्थीही बसतात. पालकाने स्वतः प्रारंभिक परीक्षेचा अर्ज भरावा. तालाचे ठेके पाठ करताना आईची उडालेली तारांबळ पाहिली की मुलाच्या मनातील परीक्षेचे ओझे बरेच उतरते.

११. मुलाला शास्त्रीय आवडत नाही. त्याला सिनेमाची गाणी आणि की-बोर्ड हवा आहे.

मग ती गाणी घ्यावीत. केरवा आणि दादरा हे ताल सिनेमाच्या गाण्यांत भरपूर आहेत. त्याच्या आवडीच्या गाण्याला आठ मात्रा लागतात की सहा, हे दोघांनी टाळी देऊन शोधावे. त्याचे स्वर पेटीवर शोधून काढावेत. तीन ओळींचे स्वर स्वतः सापडलेले मूल पुढे रागाच्या चौकटीला घाबरत नाही. की-बोर्डविषयी एकच सूचना आहे : त्यातील तयार ठेका चालू करण्याआधी तोच ठेका हाताने धरून पाहावा, नाहीतर साथ करायला पालकाला जागाच राहत नाही.

१२. दोन मुले आहेत. एकाला पटकन येते, दुसऱ्याला येत नाही. दोघांना एकत्र बसवावे का?

सा, टाळी आणि भजन यांसाठी एकत्र बसवावे, अलंकार वेगळे घ्यावेत. ज्याला सूर उशिरा सापडतो, त्याच्याकडे ठेका द्यावा, आणि तो दुय्यम म्हणून देऊ नये. लय त्याच्या हाती आहे, तेव्हा भावंडाला त्याच्या लयीतच गावे लागेल, हे दोघांनाही स्पष्ट सांगावे. आठवड्यातून एकदा प्रत्येकासोबत एकेकट्याने बसणे मात्र टाळू नये.

१३. मी स्वतः गाणे शिकलेली आहे, पण माझ्यासमोर मुलगा तोंडच उघडत नाही. बाहेर मात्र मोकळेपणाने गातो.

ही तक्रार शिकलेल्या आई-वडिलांकडूनच येते, आणि मी तिच्यातून स्वतः गेले आहे. माझ्या मुलाला मी घरी शिकवायला बसले, तेव्हा प्रश्न ६ मध्ये लिहिलेले सर्व मला तोंडपाठ होते. तरीही त्याचा निषाद किंचित उतरला की माझी भुवई हले. एके दिवशी त्याने शांतपणे भात्याची कडी लावली आणि म्हणाला, ‘आई, तू क्लासमधल्या मुलांकडे असं बघत नाहीस.’ मी एक शब्दही बोलले नव्हते, पण त्याला माझा चेहरा पुरला होता.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. त्याचे शिक्षण दुसऱ्या गुरूंकडे सोपवले, आणि घरी मला न येणारे वाद्य, म्हणजे तबला, त्याच्या हाती दिला. आता तो ठेका धरतो आणि मी गाते. माझी सम चुकली की तो हसत नाही, ठेका जरा स्पष्ट करतो. साथ करण्याचे शिक्षण त्याने मला दिले असे मी मनापासून म्हणते.

गुरू आणि आई एकच असणे अशक्य नाही. मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तरीही मोगूबाईंनी मुलीला अंजनीबाई मालपेकर यांच्यासारख्या दुसऱ्या गुरूंकडेही शिकू दिले, हे लक्षात घ्यावे. इतक्या थोर गायिकेला जे आवश्यक वाटले, ते आपण कमीपणाचे मानू नये.

१४. मुलाचा आवाज फुटू लागला आहे. आता गाणे बंद करावे का?

बंद करू नये, कमी करावे. मुलांचा आवाज साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान फुटतो आणि स्थिरावायला काही महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. या दिवसांत वरचे स्वर ताणू नयेत, पट्टी दर काही आठवड्यांनी नव्याने पाहावी आणि चार-पाच स्वरांतच सावकाश गावे. घसा दुखत असेल किंवा घोगरेपणा अजिबात हटत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. मुलींच्या आवाजातही या वयात बदल होतो, पण तो सौम्य असतो. पाहुण्यांसमोर गायला लावणे या काळात पूर्णपणे टाळावे. आवाज चिरकला म्हणून झालेली थट्टा मुले वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

प्रश्न ७ वाचलेल्या वडिलांसाठी एक आनंदाची बाब आहे. आवाज बसला की मुलाची पट्टी खाली येते आणि पुष्कळदा वडिलांच्या पट्टीला येऊन मिळते. इतकी वर्षे वडील त्याच्या पट्टीत गात होते. आता दोघांचा षड्ज एक होतो.

१५. शेजाऱ्यांची तक्रार येते.

वेळ ठरवून ती शेजाऱ्यांना सांगावी, पेटी आणि डग्गा जाड सतरंजीवर ठेवावा आणि रात्री नऊनंतर तोंडी बोल व हाताची टाळी एवढ्यावर भागवावे.

१६. बाबा परदेशी असतात. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाता-वाजवता येईल का?

एकाच वेळी येणार नाही. आवाज पोहोचायला लागणारा वेळ बोलताना जाणवत नाही, पण तालात तो लगेच दिसतो. एकाची सम दुसऱ्याकडे उशिरा पोहोचते, दोघेही थांबून थांबून वाजवतात आणि लय घसरत जाते. त्यातच कॉलची यंत्रणा तानपुऱ्याचा किंवा पेटीचा सलग सूर गोंगाट समजून दाबून टाकते. यात मुलाची काही चूक नसते, हे आधी दोघांनी समजून घ्यावे, कारण या धडपडीत चिडचिड झालेली मी पाहिली आहे.

त्याऐवजी पाळीपाळीने गावे. बाबांनी एक तुकडा म्हणावा, मुलाने तो परत द्यावा. याहून चांगला मार्ग ध्वनिमुद्रणाचा आहे. बाबांनी ठरलेल्या लयीत पाच मिनिटांची टाळी किंवा ठेका, मात्रा मोठ्याने मोजत, ध्वनिमुद्रित करून पाठवावा. मूल त्यावर गाते आणि ते गाणे बाबांकडे परत जाते. आखाती देशात नोकरी करणाऱ्या एका पालकांनी पाठवलेल्या ठेक्यात मागे वातानुकूलन यंत्राची घरघर होती. पुढे घरी स्वच्छ ठेका उपलब्ध झाला, तरी त्यांच्या मुलीला तोच घरघरीचा ठेका हवा असे.

१७. मुलाला कमी ऐकू येते. त्याच्यासोबत हे सारे करता येईल का?

येईल. ताल कानाइतकाच शरीरातून कळतो. डग्ग्यावर वाजवताना मुलाचा तळवा डग्ग्याच्या बाजूला किंवा पेटीच्या लाकडावर टेकवावा, टाळी त्याला दिसेल अशी समोर बसून द्यावी आणि काल मोठ्या हालचालीने दाखवावी. श्रवणयंत्र असल्यास ते बहुधा बोलणे स्पष्ट ऐकू येण्यासाठी जुळवलेले असते आणि संगीत त्यातून विचित्र वाटू शकते. श्रवणतज्ज्ञांना संगीतासाठी वेगळी जुळणी करून मिळेल का, असे विचारावे. झांजेसारखा तीव्र आवाज अगदी जवळून करू नये. सर्वच मुलांच्या कानाजवळ तो टाळावा.

१८. चौदाव्या वर्षी मुलाने सगळे सोडून दिले. आता काय करावे?

त्याला आग्रह करू नये आणि त्याचे सोडणे हा घरातील चर्चेचा विषय करू नये. तुम्ही मात्र सोडू नये. इतकी वर्षे तुम्ही त्याच्यासाठी बसलात, आता स्वतःसाठी बसावे. जमेल तेवढे, दार उघडे ठेवून.

पेटीवर गवसणी घालावी, परंतु ती माळ्यावर टाकू नये. न वापरलेल्या पेटीत धूळ बसते, भात्याच्या कातड्याला कीड लागते आणि पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. अडकलेल्या पट्टीत तेल कधीही सोडू नये. आठवड्यातून एकदा भाता भरून साऱ्या पट्ट्या वाजवून काढाव्यात.

माझ्या वर्गातील एका आईंनी हा क्रम दीड वर्ष चालू ठेवला. जुलै महिन्यात त्यांच्या पेटीची मध्यमाची पट्टी दाबलेली खालीच राहू लागली. मुलगा आतून आला, त्याने वरची फळी काढली, पट्टी मोकळी केली आणि पुन्हा अडकते का ते पाहण्यासाठी समोर बसला. त्या दिवशी तो गायला नाही. त्याने भाता मारला आणि पट्ट्यांवर आईचा हात होता.